मधला फर्मा

"तुम्ही कशाला बसताय आक्का, आम्ही लावतो की," असं खळवाली पुन्हा एकदा म्हणाली, तेव्हा आक्काला पहिल्यांदा संशय आला.

खळवाली आपणहून काम अंगावर घेणाऱ्यातली बाई नव्हे. ती पुठ्ठ्याला खळ लावायला बसली की खळ आधी वाळायची आणि पुठ्ठा मागाहून चिकटायचा. तिच्या शेजारी शिवणीला बसलेली सुईवाली, जिच्या तोंडाला दिवसभर कुलूप म्हणून नसायचं, ती आज सुईत दोरा ओवण्यात अशी गुंतली होती, जणू दोरा आजच जगात आला. आणि तिसरी, जिला सगळे बहिरी म्हणायचे आणि जिला सोयीचं तेवढं सगळं ऐकू यायचं, ती उठून नळावर निघून गेली.

"का?" आक्का म्हणाली. "माझ्या हातांना काय मुंग्या लागल्यात?"

बाइंडिंगच्या त्या कारखान्यात आक्काला उलट बोलायची रीतच नव्हती. कारखाना म्हणजे तरी काय, छापखान्याच्या मागची एक लांबट खोली, मधोमध टेबल, कोपऱ्यात कागद कापायचं अवजड यंत्र आणि भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठ्यांच्या थप्प्या. पण नवरा गेल्यावर याच खोलीसाठी चार जण दबा धरून बसले होते. बाई आहे, थकेल, विकेल, असा त्यांचा हिशेब. आक्का थकली नाही. त्यांच्यातले दोघे आता तिच्याकडूनच बाइंडिंग करून नेतात आणि दारात आले की आवाज खाली आणतात. मानानं जगली होती, आणि तो मान कुणी आणून दिला नव्हता.

आज टेबलावर होतं ते काम घरचं होतं. आक्काच्या धाकट्या भावाचं पुस्तक. तिला सगळे आक्का म्हणायचे ते त्याच्यामुळेच. आई लवकर गेली, याला बोलायला येऊ लागलं तेव्हा समोर आक्काच होती, आणि त्यानं हाक मारली तीच गल्लीनं उचलली. या धाकट्याला जग 'ठिपका' म्हणून ओळखत होतं. चित्राखाली सही करायच्या जागी तो नुसता एक ठिपका द्यायचा, कारण पोलिसांना ठिपक्यावरून माणूस पकडता येत नाही असं त्याला तरुणपणी वाटायचं. पोलिसांनी ते लवकरच खोटं ठरवलं.

दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता तो चित्रांच्या गोष्टी काढायला लागला. चौकटीमागून चौकट, माणसांच्या तोंडातून निघालेले फुगे आणि फुग्यांत चारचौघांत बोलत नाहीत असलं बोलणं. त्यातली माणसं घामट, पोट सुटलेली, बरेचदा उघडीनागडी. शाळेचा मुख्याध्यापक संडासात बसून रडतोय, दोन म्हाताऱ्या एका म्हाताऱ्यावरून झोंबाझोंबी करतायत, असलं काहीबाही. छापखान्यात उरलेल्या कागदावर चोपड्या निघायच्या, वर साधं मळकट वेष्टन, आणि वर्तमानपत्रवाल्याच्या फळीखालून विकल्या जायच्या. मागणाऱ्यानं नुसतं "ठिपका आहे का?" विचारायचं. मुलं हसून लोळायची. कॉलेजातले प्रोफेसर म्हणायचे, हा खरा कलावंत. वर्तमानपत्रानं लिहिलं, हे गटार आहे. महिला मंडळानं भर चौकात चोपड्यांची होळी केली, आणि जाळायला म्हणून विकत घेतलेल्या गठ्ठ्यातले काही नग मंडळाच्याच पिशव्यांतून घरी गेले, असं वर्तमानपत्रवाला हळूच सांगायचा.

या चोपड्या दुमडून, टाचून द्यायचं काम पहिल्यापासून आक्काकडे. आणि आक्कानं त्यातलं एकही चित्र कधी बघितलं नव्हतं.

हे कुणाला खरं वाटायचं नाही, पण यात नवल काही नव्हतं. छापून येतो तो एक मोठा कागद. त्यावर पानं उलटीसुलटी, आडवीतिडवी छापलेली असतात. घड्या घातल्या की ती आपोआप ओळीनं येतात. त्या घडी घातलेल्या सोळा पानांना फर्मा म्हणतात. घडी घालणारी बाई कागदाच्या कोपऱ्याकडे बघते, चित्राकडे नाही. बघत बसली की हात थांबतो. शिवाय आक्काला शाळा फारशी लाभली नव्हती. अक्षराला अक्षर जोडून ती वाचायची, आणि तेवढा वेळ कुणाला होता? खरं कारण मात्र वेगळंच. पहिली चोपडी आणून दिली तेव्हा भाऊ मान खाली घालून म्हणाला होता, "आक्का, तू मात्र बघू नकोस हं." आक्काला ते फार आवडलं होतं. नागडी चित्रं काढतो पण बहिणीची लाज ठेवतो, हे ती अभिमानानं सांगायची. भावानं काढलेलं असलं बहिणीनं बघूही नये. दोघांत तसं ठरूनच गेलं. त्याचे कागद दुमडताना ती नजर कोपऱ्यावरून हलू द्यायची नाही.

एकदा चोपडीवर धाड येणार अशी कुणकुण लागली. बायका घाबरून आल्या नाहीत, तेव्हा तो सगळा गठ्ठा आक्कानं एकटीनं दुमडला, टाचला आणि पाठवून दिला. तरी भावाला धरलंच. आक्का चौकीवर गेली. इन्स्पेक्टरनं चोपडी तिच्यासमोर सरकवली आणि विचारलं, वाचलीत का ही? आक्का म्हणाली, "मी वाचत नाही, मी टाचते." वर हेही सुनावलं, की माझा भाऊ घरात खरं बोलतो तसंच कागदावर काढतो, तुम्हाला खरं सोसत नसेल तर डोळे मिटा. हवालदारसुद्धा हसला. ती गोष्ट पुढे गावभर झाली आणि आक्काची मान आणखी ताठ झाली.

आता दिवस पालटले होते. काचेच्या दाराच्या एका मोठ्या प्रकाशकानं सगळ्या चोपड्यांचं मिळून एक जाडजूड, कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं होतं. उद्या समारंभ. बाइंडिंग माझ्या बहिणीकडेच होईल, असं धाकट्यानं अडून बसून सांगितलं होतं, आणि आक्का ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होती.

घोटाळा झाला तो प्रकाशकाच्या सजावटकारामुळे. त्या माणसाच्या डोक्यावर केस कमी आणि डोक्यात कल्पना फार. पानांवरचे आकडे चित्रांत लुडबुड करतात म्हणून त्यानं आकडेच काढून टाकले. फर्म्याच्या पाठीवर बाइंडरसाठी खूण असते, तीही पुसली. फर्मे दुमडून झाले, पण कुठला आधी आणि कुठला नंतर हे सांगणारं काही उरलं नाही. नमुन्याची प्रत यायची ती आली नाही, फोन कुणी उचलेना. गोष्ट बघून बघूनच फर्मे लावायचे, दुसरा उपाय नव्हता.

"सरका," आक्का म्हणाली. "घरचं काम आहे. चुकलं तर नाव माझं जाईल, तुमचं काय जातंय."

भाऊ आता पन्नाशीला आला, मी म्हातारी झाले, आता कसली लाज, असं मनाशी म्हणत तिनं चष्मा चढवला आणि फर्मे एकेक उघडून बघायला लागली.

पहिल्या फर्म्यात मुख्याध्यापक होता. तिला हसू आलं. वाटलं होतं तितकं वाईट नव्हतं. घाण होती, पण ओळखीची होती, घरातल्या मोरीसारखी. दुसऱ्यातल्या म्हाताऱ्या बघून तर ती मोठ्यानं हसली आणि बायकांकडे वळून म्हणाली, हा मेला बघतो तरी कुठून सगळं. बायका हसल्या नाहीत. सुईवालीच्या बोटाला सुई टोचली.

मधला फर्मा उघडला. त्यात एक बाई होती. रुंद खांदे, मोठाले हात, केस मागे घट्ट बांधलेले, तोंड असं की समोरच्यानं आधी वाट द्यावी. बाईचा नवरा मेला होता. बाईनं नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट घेतला, त्यात कागदाची कातरण ठासून भरली, गुंड्या लावल्या आणि तो शर्ट पलंगावर भिंतीच्या बाजूला निजवला.

आक्काचा हात पानावरच राहिला.

नवरा गेल्यावर कित्येक महिने तिला झोप नव्हती. पलंगाची ती बाजू मोकळी, आणि मोकळ्या बाजूकडे पाठ करून झोपता येईना. उशी ठेवून बघितली, उशी मुकी. मग कारखान्यातली कातरण आणली. नवऱ्याचं सारं आयुष्य कापायच्या यंत्रावर गेलेलं, त्याच्या कपड्यांना तोच वास. आणि कातरण भरलेला शर्ट कुशीवर वळताना कुरकुरायचा, माणूस झोपेत वळल्यासारखा. ती त्याच्याशी बोलायची, भांडायची. नवऱ्याला ती जन्मभर अहो म्हणत आली होती. तू म्हणायची ते फक्त अंधारात, आणि हे त्या दोघांपलीकडे कुणालाही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पुढे झोप यायला लागली तसं तिनं कातरण काढून टाकली, शर्ट धुतला आणि कपाटात ठेवून दिला. कुणाला सांगितलं नाही. यात सांगण्यासारखं काय होतं?

त्या महिन्यांत धाकटा तिच्याकडे राहायला आला होता. आक्का एकटी आहे, सोबत हवी, म्हणाला होता. मधे एक पडदा, पडद्यापलीकडे त्याची गादी.

चित्रातली बाई शर्टाला ढोसत होती. तिच्या तोंडच्या फुग्यात दोनच शब्द होते. आक्कानं ते अक्षराला अक्षर जोडून वाचले. "सरक जरा."

तिला ऐकू येतील असे ते शब्द गेली कित्येक वर्षं गावात फिरत होते. बसच्या रांगेत पोरं एकमेकांना ढोसून म्हणायची, सरक जरा, आणि खिदळायची. पोरांच्या सदऱ्यांवर छापलेले तिनं बघितले होते. आजकालची काहीतरी फॅशन म्हणून तीही एकदा त्यांच्याबरोबर हसली होती.

पुढच्या पानांवर त्यानं मनचं घातलं होतं. बाई आणि शर्ट यांचा पलंगावर धुमाकूळ, कातरण खोलीभर उडतेय, शेजारी भिंतीला कान लावून. त्याचं तिला काही वाटलं नाही. ती चित्रं होती. पण शेवटच्या चौकटीत शर्ट फाटला होता आणि बाई जमिनीवर बसून कातरणीच्या पट्ट्या एकेक गोळा करून परत आत भरत होती. हे मनचं नव्हतं. शर्ट एकदा फाटला होता. म्हणजे त्यानं नुसतं ऐकलं नव्हतं, पडदा सरकवून बघितलं होतं.

आणि धाड येणार म्हणून एकटीनं बसून टाचलेली चोपडी ती हीच. भावाला धरल्याच्या बातमीत म्हटलं होतं, एका विधवेची विटंबना. विटंबना तिनं स्वतःच्या हातानं घडी घालून बाजारात पाठवली होती.

तिनं चष्मा काढला आणि बायकांकडे बघितलं. तिघींनी माना खाली घातल्या होत्या. बहिरीसुद्धा परत येऊन बसली होती.

"सगळ्या गावाला माहीत आहे?"

खळवाली पुटपुटली, की गावाला ती बाई माहीत आहे, पण आक्का, ती तुम्ही आहात हे माहीत नाही. आम्ही ओळखलं, हातांवरून. तुम्हाला कसं सांगणार?

"कसं सांगणार," आक्का म्हणाली. "पुठ्ठा वाकडा चिकटला तर कोण कोणाला कसं सांगतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा तोंड फुटतं तुम्हाला."

धाकटा दुपारी आला. नेहमीसारखा मागच्या दारानं, न विचारता, बोटं शाईनं काळी, दाढी पिकलेली. आक्कानं बायकांना जेवायला पाठवलं. मधल्या फर्म्याच्या सगळ्या प्रती तिनं वेगळ्या काढून टेबलाच्या कडेला रचल्या होत्या आणि वरची उघडी ठेवली होती. त्याची नजर तिथे गेली. तो कागदाच्या बंडलावर बसला.

"कुणी सांगितलं?" तो म्हणाला.

तेवढ्यानंच आक्काची जी काय आशा उरली होती ती संपली. हे काय, म्हणाला असता तर तिनं कदाचित मानलं असतं, की योगायोग असेल.

"कुणीच नाही सांगितलं. तू तर नाहीच. तूच म्हणाला होतास ना, आक्का तू बघू नकोस? मला वाटायचं तुला माझी लाज आहे."

"होतीच."

"पहिल्या चोपडीला असेल. त्यानंतरची लाज नाही, चोरी होती ती."

तो बराच वेळ बोटांवरची शाई खरवडत राहिला. मग बोलायला लागला तेव्हा एकदम पुष्कळ बोलला. तुला हसायला म्हणून नाही काढली, म्हणाला. लोक पहिल्यांदा हसतात हे खरं, पण माझ्याकडे बायका येतात, पुरुष येतात, हात धरून रडतात. म्हणतात आम्हाला वाटलं होतं आम्हीच वेडे झालो. मी जन्मभर जे काही काढलं त्यात हीच एक गोष्ट खरी उतरली, बाकी सगळा तमाशा. पडद्यापलीकडे पडून मीही रडत होतो आक्का, आणि मला रडता येत नाही, मला काढताच येतं.

तो खोटं बोलत नव्हता. तेच जास्त लागलं.

"ते आले तुझ्याकडे, आपल्या मर्जीनं आले," आक्का म्हणाली. "मी कधी आले होते? मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे उत्तर ठाऊक होतं."

आक्का उठली, यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. खाली पातं होतं, बाजूला फर्म्यांची थप्पी. सरकवायचा अवकाश होता, आणि त्याला उद्या समारंभात नुसते हात हलवत उभं राहावं लागलं असतं. पण चांगला छापलेला कागद तिनं कधी फुकट घालवला नव्हता, आणि रागानं काम बिघडवणारे बाइंडर तिनं पुष्कळ बघितले होते.

ती परत टेबलाशी आली. आयुष्यात तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं, धाकट्याकडे तर नाहीच; त्यामुळे मागायचं कसं हे तिला नीटसं येईना.

"हा एक फर्मा गाळते," ती म्हणाली. "त्या टकल्यानं आकडे काढलेत, खुणा काढल्यात. कुणाला कळायचंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत शिवून देते सगळं. चोपड्या गेल्या त्या गेल्या, कागद होता, सडेल. हे कापडी पुठ्ठ्यातलं राहील. यात मला ठेवू नकोस."

धाकट्यानं मधल्या फर्म्याची वरची प्रत उचलली. शेवटचं पान काढून बघितलं. तो बघत होता ते बहिणीला नव्हे, आपल्या रेघेला. कुठे जाड झाली, कुठे बारीक. आक्काला ते कळलं. लहानपणी पाटी पुसायच्या आधी तो तसाच बघायचा, आणि मग पुसू द्यायचा नाही.

"आक्का," तो म्हणाला, "याच्याशिवाय हे पुस्तकच नाही गं."

"बरं," आक्का म्हणाली.

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली नाही. प्रत त्याच्या हातातून घेतली, थप्पीवर ठेवली, थप्पी ठोकून सारखी केली.

बायका जेवून परतल्या तेव्हा आक्का शिवणीला बसली होती. सुईवाली धावली, खळवालीनं हात पुढे केला. आक्का म्हणाली, राहू द्या, बाकीचे फर्मे घ्या, याला मी आहे. मग तिनं प्रत्येक पुस्तकात तो फर्मा आपल्या हातानं शिवला. टाका ओढून, गाठ आत लपवून, पाठीला खळ भरून. कुठेही ढिला सोडला नाही. जुना बाइंडर असता तर म्हणाला असता, पुस्तक फाटेल पण मधला फर्मा सुटायचा नाही. बहिरी मधेच रडायला लागली, तेव्हा आक्का म्हणाली, कागदावर पाणी पाडू नकोस, डाग पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल न्यायला गाडी आली. या वेळी धाकटा पुढच्या दारानं आला. बरोबर समारंभाची माणसं होती आणि कॉलेजची एक मुलगी, गळ्यात संयोजकांचा बिल्ला. गठ्ठे बाहेर जाऊ लागले. दुकानांच्या कट्ट्यावर उभ्या असलेल्या पोरांनी त्याला ओळखलं, बघता बघता त्याच्याभोवती घोळका झाला. कुणीतरी पेन पुढे केलं. तो ठिपके देत होता आणि मधून मधून मान उंच करून दाराकडे बघत होता. समारंभाला पुढची खुर्ची ठेवलीय, असा निरोप त्यानं सकाळीच पाठवला होता. आक्कानं निरोप आणणाऱ्याला सांगितलं होतं, की आज शाळेच्या वह्यांचं काम आहे.

मुलगी पाणी मागायला आत आली. घामाघूम झाली होती. आक्कानं पेला विसळून भरून दिला. तिनं घटाघटा पिऊन टाकलं, हातातलं नवीन पुस्तक उलटसुलट करून बघितलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, किती सुंदर बांधलंय हो. मग बाहेरच्या घोळक्याकडे बघत तिनं विचारलं,

"तुम्ही ओळखता त्यांना?"

आक्कानं तिच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"गिऱ्हाईक आहेत," ती म्हणाली, आणि तिला आणखी पाणी हवंय का ते विचारलं.